स्वीडनमध्ये नवीन आहात? १३ सप्टेंबरच्या निवडणुकीसाठी काय काय करायचं, अगदी पहिल्यापासून

येत्या १३ सप्टेंबर २०२६ ला, रविवारी, स्वीडनमध्ये निवडणूक आहे आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, गणपती बसतायत. म्हणजे तो रविवार मखर, मोदकांची तयारी आणि इंडियन दुकानाच्या फेऱ्या यात जाणार हे आत्ताच धरून चाला, म्हणूनच हे सगळं आधी वाचून ठेवा आणि जमलं तर मत पण आधीच देऊन टाका, तशी सोय इथे आहे, खाली सांगते.

स्टॉकहोम, गोथेनबर्ग, माल्मो, कुठेही असा, आपल्या ग्रुप्सवर निवडणूक आली की एक वाक्य हमखास येतं, "आपला पासपोर्ट इंडियन, आपला काय संबंध". संबंध आहे, आणि चांगला घसघशीत आहे. आपल्यातल्या कित्येक जणांना मतदानाचा हक्क आहे आणि त्यांना तो आहे हेच माहीत नसतं. घरी पाकीट येतं, स्वीडिशमध्ये असतं, जाहिरात समजून कागदाच्या कचऱ्यात जातं. हे मला मनापासून खटकतं, कारण टॅक्स तर आपण पहिल्या पगारापासून भरतोय.

आधी हे समजून घ्या: एका दिवशी तीन निवडणुका

१३ सप्टेंबरला एकच निवडणूक नाही, तीन आहेत. पहिली रिक्सदागची, म्हणजे देशाची संसद, ३४९ जागा. दुसरी रीजनची, म्हणजे प्रांताची. तिसरी कम्यूनची, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेची, आणि देशात असे २९० कम्यून आहेत. दर चार वर्षांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी या तिन्ही एकत्र होतात. तारीख आधीपासून ठरलेली असते, त्यामुळे आपल्याकडे कसं आयोग तारखा जाहीर करेपर्यंत सगळे वाट बघत बसतात तसं इथे नाही.

मतपत्रिकांचे रंग लक्षात ठेवा, तेवढ्याने निम्मा गोंधळ जातो: रिक्सदाग पिवळी, रीजन निळी, कम्यून पांढरी.

बातम्यांमध्ये सगळा जोर रिक्सदागवर असतो, पण तुमचं रोजचं आयुष्य बघा. मुलाला फोरस्कूलामध्ये, म्हणजे बालवाडीत, जागा, शाळा, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, पाणी, कचरा, घराशेजारचं खेळाचं मैदान, हे सगळं कम्यून बघतं. फोरस्कूलाची जागा अर्ज केल्यापासून चार महिन्यांत द्यावी लागते असा कायदा आहे, पण ती घराजवळ मिळते का, ग्रुपमध्ये किती मुलं आहेत, शाळेला पैसा किती, हे कम्यूनच्या राजकारणावर ठरतं. वोर्डसेंट्रल म्हणजे जवळचं आरोग्य केंद्र, हॉस्पिटल, आणि बसेस-मेट्रो म्हणजे स्टॉकहोमला एसएल, गोथेनबर्गकडे वेस्टट्राफिक, खाली स्कोनेमध्ये स्कोनेट्राफिकेन, हे रीजनचं खातं. वोर्डसेंट्रलला फोन केल्यावर त्याच दिवशी संपर्क, तीन दिवसांत तपासणी, स्पेशालिस्टकडे ९० दिवसांत आणि उपचार त्यापुढच्या ९० दिवसांत अशी इथली हमी आहे. ती प्रत्यक्षात कितपत पाळली जाते हे तुम्ही स्वतः गुडघा किंवा पाठ दाखवायला गेला असाल तर तुम्हाला माहीतच आहे, आणि त्याचा जाब विचारायची जागा म्हणजे ती निळी मतपत्रिका.

पगाराच्या स्लिपवर जो टॅक्स कापलेला दिसतो ना, त्यातला बहुतेकांचा जवळजवळ सगळा कम्यून आणि रीजनला जातो, दोन्ही मिळून सरासरी साधारण ३२ टक्के. देशाचा वेगळा इन्कम टॅक्स एका ठरावीक पगाराच्या वरच लागतो. आणि या ३२ टक्क्यांवर मत द्यायला स्वीडिश पासपोर्ट लागत नाही.

पहिली पायरी: तुम्हाला नेमकं कुठलं मत आहे ते बघा

रिक्सदागसाठी स्वीडिश नागरिक असणं आणि निवडणुकीच्या दिवशी वय १८ पूर्ण असणं लागतं. यात सूट नाही, कितीही वर्षं राहा, कितीही टॅक्स भरा.

कम्यून आणि रीजनसाठी मात्र वेगळं आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाची स्काटेवेर्केटच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, लोकसंख्या रजिस्टरमध्ये निवडणुकीच्या आधी सलग तीन वर्षं नोंद असेल तर त्याला या दोन्ही निवडणुकांत मत आहे. ही सोय १९७६ पासून आहे, काही नवीन नाही. म्हणजे या वेळेपुरतं सांगायचं तर सप्टेंबर २०२३ च्या मध्याच्या आधी तुमचा पर्सननंबर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, झालेला आणि तेव्हापासून नोंद कुठेही तुटलेली नसेल तर तुम्ही बसता. "सलग" या शब्दाकडे नीट बघा. मधे वर्षभर पुण्याला परत गेलात, इथली नोंद काढून टाकली आणि मग परत आलात, तर मोजणी परत आल्यापासून. नुसती सहा आठवड्यांची सुट्टी घेऊन गावाला जाऊन आलात तर काही फरक पडत नाही.

युरोपियन युनियनचा पासपोर्ट असेल तर तीन वर्षं थांबावं लागत नाही, नोंद असली की पुरे. हे मुद्दाम लिहितेय कारण आपल्या गोव्याच्या मंडळींपैकी पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आलेले बरेच जण आहेत, आणि त्यांना कोणीतरी "तीन वर्षं लागतात" असं सांगितलेलं असतं. तुम्हाला नाही लागत. नॉर्वे आणि आइसलँडच्या नागरिकांनाही तसंच.

ज्यांनी स्वीडिश नागरिकत्व घेतलंय त्यांना तिन्ही मतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही त्यामुळे तो निर्णय प्रत्येक घरात जड असतो, आईवडील तिकडे, ओसीआय घ्यायचं, गावची जमीन, सगळं आलं, त्यात मी पडत नाही. पण घेतलं असेल तर पिवळी मतपत्रिका वाया घालवू नका, तिची किंमत तुम्ही भारतीय पासपोर्ट परत करून मोजलीय.

दुसरी पायरी: चार तारखा फोनमध्ये टाका

१४ ऑगस्ट. निवडणुकीच्या ३० दिवस आधी तुमचा पत्ता जिथे नोंदलेला असेल तिथले मतदार तुम्ही. आपल्यातले बरेच जण भाड्याची घरं सारखी बदलत असतात, सेकंड हँड म्हणजे पोटभाड्याचं काँट्रॅक्ट संपलं की पुढचं घर, आणि पत्ता बदलल्याची नोंद करायची राहून जाते. सोल्नातून सोलेनटुनाला गेलात आणि नोंद केली नाहीत तर तुम्ही सोल्नाच्या कम्यूनसाठी मत देणार, जिथे आता तुमची मुलं शाळेत जात नाहीत.

२६ ऑगस्ट. त्या दिवशी अर्ली व्होटिंग सुरू होतं, १८ दिवस आधी, आणि तोपर्यंत मतदान कार्ड घरी आलेलं असायला हवं. हे कार्ड म्हणजे रोस्टकोर्ट, निवडणूक प्राधिकरण पोस्टाने पाठवतं, अर्ज वगैरे करावा लागत नाही, आपोआप येतं. त्यावर तुमचं नाव, तुमचं मतदान केंद्र, त्याची वेळ आणि तुम्हाला कोणकोणत्या निवडणुकांत मत आहे ते छापलेलं असतं. भारतीय पासपोर्टवाल्यांच्या कार्डावर कम्यून आणि रीजन दिसेल, रिक्सदाग दिसणार नाही, ते बरोबर आहे, घाबरू नका. कार्ड हरवलं तर दुसरं फुकट मिळतं, प्राधिकरणाच्या वाल डॉट एसई या साइटवरून किंवा कम्यूनकडून, अर्ली व्होटिंगच्या बऱ्याच ठिकाणी तिथल्या तिथे छापून देतात.

१ सप्टेंबर. मतदार यादीत तुमच्याबद्दल काही चुकलंय असं वाटत असेल तर लेन्सस्टिरेल्सेनकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे, दुरुस्ती मागायची शेवटची तारीख. तीन वर्षं पूर्ण झालीत आणि २६ तारखेपर्यंत कार्ड आलं नाही तर या तारखेच्या आत त्यांच्याशी संपर्क करा, उगाच "आलं नाही म्हणजे हक्क नसेल" असं ठरवून गप्प बसू नका.

आणि १३ सप्टेंबर, सकाळी ८ ते रात्री ८, केंद्रं उघडी.

तिसरी पायरी: पक्ष आणि त्यांचे दोन गट

आता खरा मजकूर. रिक्सदागमध्ये सध्या आठ पक्ष आहेत आणि एकट्याच्या जोरावर बहुमत कोणालाच मिळत नाही. इथे माणसाला नाही, पक्षाला मत द्यायचं असतं, आणि मग टक्केवारीप्रमाणे जागा वाटल्या जातात. "आमच्या वॉर्डातून कोण उभं आहे" हा आपला नेहमीचा प्रश्न इथे दुसऱ्या नंबरवर येतो.

२०२२ चा निकाल बघितला की चित्र लगेच कळतं. सोशल डेमोक्रॅट ३०.३ टक्के, १०७ जागा, नेत्या मॅग्डालेना अँडरसन. हा पक्ष १९१७ पासून प्रत्येक निवडणुकीत सगळ्यात मोठा राहिलाय, सत्ता असो नसो. स्वीडन डेमोक्रॅट २०.५ टक्के, ७३ जागा, नेते यिमी ओकेसन, २००५ पासून तेच. हा पक्ष २०१० साली पहिल्यांदा रिक्सदागमध्ये आला आणि बारा वर्षांत दुसऱ्या नंबरवर गेला, स्थलांतर कमी करा हा त्यांचा मुख्य मुद्दा. मॉडरेट १९.१ टक्के, ६८ जागा, नेते उल्फ क्रिस्टरसन, सध्याचे पंतप्रधान. मग लेफ्ट पार्टी २४, सेंटर पार्टी २४, ख्रिश्चन डेमोक्रॅट १९, ग्रीन पार्टी १८ आणि लिबरल १६.

मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि लिबरल मिळून सरकार, आणि स्वीडन डेमोक्रॅटचा बाहेरून पाठिंबा. हा करार वेस्टेरोसजवळच्या टीडो नावाच्या वाड्यात झाला म्हणून त्याला टीडो करार म्हणतात, बातम्यांत "टीडो पक्ष" असं ऐकलंत की हे चार. त्यांच्या, म्हणजे उजवीकडच्या बाजूच्या, जागा १७६, समोरच्या चौघांच्या, म्हणजे डावीकडच्या बाजूच्या, १७३. तीन जागांचा फरक, बस. या वेळी स्वीडन डेमोक्रॅटनी सांगितलंय की पुढच्या वेळी पाठिंबा हवा तर आम्हाला मंत्रिपदं हवीत, त्यामुळे या निवडणुकीत अर्धी चर्चा "कोण कोणाबरोबर बसेल" यावर आहे आणि तुम्ही कोणालाही विचारायचा पहिला प्रश्न पण तोच.

जागा ३४९ अशा विचित्र आकड्यात का, तर १९७३ च्या निवडणुकीनंतर ३५० जागांची संसद होती आणि दोन्ही बाजू १७५-१७५ झाल्या. पुढची तीन वर्षं बरोबरी झाली की चिठ्ठी काढून निर्णय व्हायचा, त्या संसदेला लोक लॉटरीची संसदच म्हणायचे. १९७६ पासून एक जागा कमी केली.

आता ४ टक्के. ही गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळी निवडणूक यावर फिरते. देशभरात ४ टक्क्यांपेक्षा कमी मतं मिळाली तर पक्षाला रिक्सदागमध्ये शून्य जागा, फक्त एखाद्या मतदारसंघात १२ टक्के मिळाले तर तेवढ्या मतदारसंघाच्या जागांत वाटा. ४ टक्के म्हणजे साधारण १४ जागा. ३.९ मिळाले तर त्या चौदाच्या चौदा जातात आणि बाकीच्यांत वाटल्या जातात. आता तीन जागांच्या फरकाशेजारी हे ठेवून बघा. लिबरल २०२२ ला ४.६ वर होते आणि त्यानंतर बराच काळ पोल्समध्ये ४ च्या खाली दिसलेत. म्हणून मोठ्या पक्षाचे समर्थक कधीकधी मुद्दाम मित्रपक्षाला मत देतात, तो बुडू नये म्हणून. यासाठी इथे "कॉम्रेड ४ टक्के" असा जुना शब्दप्रयोग आहे, सोशल डेमोक्रॅटवाले डाव्या पक्षाला असा हात द्यायचे त्यावरून आलेला, आता उजवीकडेही तेच चालतं. ऑफिसमधला एखादा स्वीडिश कलीग म्हणाला की मी मॉडरेटचा आहे पण मत लिबरलला देणार, तर तो गोंधळलेला नाही, हिशोब करतोय.

कम्यूनमध्ये ही पायरी लहान आहे, मतदारसंघ एकच असेल तर २ टक्के, जास्त असतील तर ३, रीजनला ३. त्यामुळे कम्यूनमध्ये असे स्थानिक पक्षही निवडून येतात ज्यांचं नाव देशात कोणी ऐकलेलं नसतं, एखादी शाळा वाचवायला किंवा एखाद्या बांधकामाला विरोध करायला उभे राहिलेले. आणि तिन्ही मतं एकाच पक्षाला द्यायची असंही काही नाही. २०२२ ला देशात उजवीकडची बाजू जिंकली आणि त्याच रात्री स्टॉकहोम शहर आणि स्टॉकहोम रीजन दोन्ही सोशल डेमोक्रॅटच्या बाजूला गेले, त्याच लोकांनी, त्याच दिवशी मत देऊन.

रिक्सदागचं मत नसलेल्यांनीही हे का वाचायचं, तर वर्क परमिट. १ नोव्हेंबर २०२३ ला परमिटसाठी लागणारा किमान पगार महिना १३,००० क्रोनरवरून एकदम २७,३६० वर गेला, मीडियन पगाराच्या ८० टक्के असा नियम आला. आयटीवाल्यांना फारसं कळलं नाही, पण रेस्टॉरंटमध्ये, क्लीनिंगमध्ये, केअरमध्ये काम करणाऱ्यांच्या घरात झोप उडाली. नागरिकत्वाचे नियम कडक करण्याकडेही कल आहे. हे सगळं पिवळ्या मतपत्रिकेवरून ठरतं. तुमच्या हातात ती नसेल तर ज्यांच्या हातात आहे त्या मित्रांशी, शेजाऱ्यांशी, मुलांच्या शाळेतल्या पालकांशी बोला, आमच्या घरात याचा काय परिणाम होतो ते सांगा. इथले लोक स्वतःहून विचारत नाहीत पण सांगितलं तर नीट ऐकून घेतात, हा माझा अनुभव आहे.

चौथी पायरी: भाषा कच्ची असली तरी तयारी कशी करायची

ऑगस्टच्या मध्यापासून चौकाचौकात छोटी लाकडी घरं दिसायला लागतात, त्यांना वालस्टूगा म्हणतात, प्रत्येक पक्षाचं आपापल्या रंगाचं एक, स्टॉकहोमला सेर्गेल्स तोर्गवर तर ओळीने. बाहेर दोनचार कार्यकर्ते उभे, थर्मासमध्ये कॉफी, हातात पत्रकं. बिनधास्त जा. आपल्याकडच्या सभेसारखी गर्दी, लाउडस्पीकर, ढोल यातलं काही नाही, समोर उभा असलेला माणूस बऱ्याचदा कम्यूनच्या यादीतला खरा उमेदवार असतो आणि तुम्ही इंग्रजीत विचारलंत तरी उत्तर देतो. पण "तुमची पॉलिसी काय" असं मोघम विचारू नका. असं विचारा: आमच्या भागात फोरस्कूलाचे ग्रुप मोठे होतायत त्याचं काय करणार, टॅक्स वाढवणार का, निवडणुकीनंतर कम्यूनमध्ये कोणाबरोबर बसणार. मागच्या खेपेला मी एका वालस्टूगावर शाळेच्या जेवणात शाकाहारी मुलांना रोज काय मिळतं असं विचारलं, तर तिथल्या काकूंनी आधी कबूल केलं की माहीत नाही, माझा नंबर घेतला आणि चार दिवसांत फोन करून सांगितलं. मत कोणाला दिलं ते सोडा, पण असं विचारता येतं आणि उत्तर मिळतं हेच नव्या माणसाला माहीत नसतं. मग एका वालस्टूगावरून दुसऱ्यावर जा, तोच प्रश्न आठही ठिकाणी विचारा, उत्तरांतला फरक आपोआप दिसतो.

वाचायला सोप्या स्वीडिशमधलं ओत्ता सीदूर हे वर्तमानपत्र चांगलं आहे, आणि स्वीडिश रेडिओवर सोप्या स्वीडिशमध्ये रोजच्या बातम्या असतात, एसएफआयचा, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीच्या स्वीडिशच्या कोर्सचा, अभ्यासही होतो. वालकंपास म्हणून ऑनलाइन प्रश्नावली असतात, एसव्हीटी या इथल्या सार्वजनिक टीव्हीची आणि मोठ्या वर्तमानपत्रांची, तीसेक विधानांना सहमत-असहमत करत गेलं की तुमची मतं कोणत्या पक्षाशी जुळतात ते दाखवतात. दोन वेगवेगळ्या करून बघा, एकीवर विसंबू नका, आणि शेवटच्या टक्केवारीपेक्षा एकेका प्रश्नावर पक्षांनी दिलेलं कारण वाचा, खरी माहिती तिथे असते. स्थानिक प्रश्न असलेली कंपास मिळाली तर ती आधी करा.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष मत

माझा सल्ला, अर्ली व्होटिंग करा, विशेषतः या वर्षी गणपतीमुळे. लायब्ररी, कम्यूनचं ऑफिस, मॉल, स्टेशन अशा ठिकाणी असतं, देशात कुठेही चालतं, तुमच्या कम्यूनबाहेरही. बरोबर दोन गोष्टी हव्यातच: रोस्टकोर्ट आणि ओळखपत्र. ओळखपत्र म्हणजे पासपोर्ट, स्काटेवेर्केटचं आयडी कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. ओळखपत्र नसेल तर तुमच्याबरोबर आलेला दुसरा माणूस स्वतःचं ओळखपत्र दाखवून तुमची ओळख पटवून देऊ शकतो. निवडणुकीच्या दिवशी गेलात तर मात्र कार्डावर छापलेल्या तुमच्याच केंद्रावर जावं लागतं, तिथे कार्ड नसलं तरी चालतं, ओळखपत्र हवं.

दारात पक्षांचे लोक मतपत्रिका हातात देतात. हे बघून आपला माणूस दचकतो, पण इथे ते कायदेशीर आहे, घ्या किंवा हसून "नेय तक", म्हणजे नको, थँक्स, म्हणा. मतपत्रिका घरच्या पोस्टातही येतात.

आत गेलं की आधी पाकिटं मिळतात, जितक्या निवडणुकांत मत आहे तितकी. मग एका पडद्यामागे स्टँड असतो, त्यात रंगांप्रमाणे मतपत्रिकांचे गठ्ठे. हा पडदा २०१९ पासून आला, त्याआधी तुम्ही कोणती उचलताय ते रांगेतल्या सगळ्यांना दिसायचं. तरीही दोनचार पक्षांच्या उचला, कोणाला काही कळायला नको. मतपत्रिका तीन प्रकारच्या असतात: पक्षाचं नाव आणि उमेदवारांची यादी असलेली, नुसतं पक्षाचं नाव असलेली, आणि कोरी, जिच्यावर पक्षाचं नाव तुम्ही हाताने लिहायचं. यादीवाली घेतलीत तर एका, फक्त एका नावासमोर फुली मारता येते. कम्यूनमध्ये त्या पक्षाच्या किमान ५ टक्के मतदारांनी आणि निदान ५० जणांनी त्याच नावावर फुली मारली तर तो माणूस यादीत वर सरकतो. ५० हा काही मोठा आकडा नाही, आपल्या एखाद्या दिवाळीच्या कार्यक्रमाला त्याहून जास्त लोक येतात. दोन नावांवर फुली मारलीत तर फुल्या बाद, मत पक्षाला जातं. नाव खोडलंत तर त्याचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या कम्यूनमध्ये जाऊन अर्ली मत देणार असाल तर तिथे तुमच्या कम्यूनची नावं असलेली मतपत्रिका मिळेलच असं नाही, म्हणून घरी आलेली बरोबर न्या किंवा कोरीवर पक्षाचं नाव लिहा.

मग मतदानाचा आडोसा. एकेकट्याने जायचं. नवराबायको बरोबर आत जायला लागले की कर्मचारी थांबवतात, आपल्या जोडप्यांच्या बाबतीत हे हमखास होतं, "तिला कळत नाही, मी सांगतो" ही सवय इथे चालत नाही, आणि चालू नये. घरी काय ती चर्चा करून घ्या. आत एका पाकिटात एकच मतपत्रिका घालायची आणि पाकीट चिकटवायचं. दोन वेगळ्या पक्षांच्या घातल्या तर मत बाद. बाहेर येऊन पाकिटं आणि ओळखपत्र टेबलावरच्या माणसाकडे द्यायचं, तो यादीत खूण करतो आणि पाकिटं त्या त्या पेटीत टाकतो. बोटाला शाई नाही, मशीन नाही, झालं.

अर्ली व्होटिंगमध्ये शेवटचा टप्पा वेगळा आहे. तुमची पाकिटं आणि तुमचं रोस्टकोर्ट एका मोठ्या खिडकीच्या पाकिटात घालून चिकटवतात आणि ते तुमच्या स्वतःच्या केंद्राकडे पाठवतात. १३ तारखेला तिथे यादीत तुमच्या नावापुढे आधीच खूण आहे का बघतात, नसेल तर पाकीट उघडून आतली पाकिटं पेटीत. आणि यामुळेच एक भारी सोय शक्य होते: अर्ली मत दिल्यावर विचार बदलला तर रविवारी आपल्या केंद्रावर जाऊन पुन्हा मत देता येतं. खूण झालेली असल्यामुळे आधीचं पाकीट बाजूला काढलं जातं आणि नवीन मत धरलं जातं. म्हणजे "शेवटच्या आठवड्यात काही घडलं तर" म्हणून थांबून राहायचं कारण नाही.

आजारी असाल, बाळंतीण असाल, आईवडील इथे नागरिक असून घराबाहेर पडू शकत नसतील, तर कम्यूनला फोन केला की घरी येऊन मत घेणारे कर्मचारी पाठवतात, त्याला काही पैसे पडत नाहीत.

नंतर काय बघायचं

रविवारी रात्री ८ वाजता एसव्हीटी आपला एक्झिट पोल दाखवतं. त्यावर लगेच निकाल ठरवू नका. २०२२ ला ८ वाजता डावीकडची बाजू किंचित पुढे दिसत होती आणि रात्रीत चित्र उलटं झालं, पंतप्रधान अँडरसननी पराभव मान्य केला तो बुधवारी. बुधवारी का, तर उशिरा पोचलेली अर्ली मतं आणि परदेशातून आलेली काही मतं त्या दिवशी मोजतात, आणि फरक तीन जागांचा असला की तेवढी पुरतात. त्यानंतर जिल्हा प्रशासन सगळं पुन्हा मोजतं आणि तो अंतिम आकडा.

सरकार बनायला किती वेळ लागेल ते निकालावर. सभापती पंतप्रधानपदासाठी नाव सुचवतात आणि रिक्सदाग मत देते, पण इथला नियम असा की बाजूने बहुमत नसलं तरी चालतं, विरोधात १७५ नसले की झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मॅग्डालेना अँडरसनच्या बाजूने ११७ मतं पडली, विरोधात १७४, आणि त्या निवडून आल्या, स्वीडनच्या पहिल्या महिला पंतप्रधान. काही तासांत ग्रीन पार्टी सरकारमधून बाहेर पडली म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि पाच दिवसांनी पुन्हा निवडून आल्या. २०१८ च्या निवडणुकीनंतर तर सरकार बनायला १३४ दिवस लागले. तेवढ्या काळात बसेस, पगार, शाळा, सगळं नेहमीसारखं चालू होतं, त्यामुळे तिकडून घरच्यांचे काळजीचे फोन आले तर हे सांगा.

कम्यून आणि रीजनच्या नव्या सभांची मुदत १५ ऑक्टोबरला सुरू होते. कम्यूनच्या सभेच्या बैठका सगळ्यांसाठी खुल्या असतात, बऱ्याच कम्यूनमध्ये ऑनलाइन लाइव्हही दिसतात, आणि ज्याला कम्यूनचं मत आहे त्याला तिथे उमेदवार म्हणूनही उभं राहता येतं, भारतीय पासपोर्टवर. पक्षांच्या याद्या निवडणुकीच्या कितीतरी महिने आधी ठरतात, त्यामुळे २०३० साठी कोणाच्या मनात असेल तर पक्षाच्या स्थानिक शाखेत जायला लागायची वेळ या ऑक्टोबरपासूनच आहे. ज्यांची तीन वर्षं या वेळी थोडक्यात हुकली त्यांनीही सदस्य व्हायला हरकत नाही, सदस्यत्वाला मतदानाचा हक्क लागत नाही.